दावीदची वीणा आणि शौलाचा भाला



आपल्या धर्मग्रामातील एक माता गेले काही महिने नऊच्या मिस्सेला प्रवेशगीत संपेपर्यंत बाहेर उभी राहते. गेल्या वर्षी तिचा तरुण मुलगा गेला. आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, “गाणं वाईट नाही, फादर. पण ड्रम सुरू झाला की वाटतं, माझ्या घरात काही झालंच नाही.” तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.

हा गायकवृंदावर ठपका नाही. तरुणांनी कीबोर्ड आणि ड्रम आणल्यापासून मागची बाके भरू लागली, हे आपण पाहतोच. स्तोत्र १५० मध्ये तर कर्णा, डफ, झांजा अशी वाद्यांची यादीच आहे. जलद ठेक्याने श्वास आणि नाडी वाढते, मनाला उभारी येते. ती उभारी सर्वांना एकाच वेळी झेपेलच असे नाही.

दावीद वीणा वाजवी आणि अस्वस्थ शौल राजाला बरे वाटे (१ शमुवेल १६), हे आपण लहानपणापासून ऐकतो. दोनच अध्याय पुढे दावीद नेहमीप्रमाणे वाजवीत असताना शौलाने त्याच्यावर भाला फेकला. हे मात्र आम्ही धर्मगुरू सहसा सांगत नाही! हात तेच होते. ऐकणाऱ्याच्या मनात मत्सर शिरला होता. नगरात कोणते स्वर असावेत आणि कोणते नसावेत, हे प्लेटोने ठरवून टाकले होते. सेमिनरीत ते फार पटले होते, आता तितके पटत नाही. मिलानच्या मंदिरात गीते ऐकून रडलेले आणि पुढे त्याच गोडीची धास्ती घेतलेले संत ऑगस्तीन अधिक जवळचे वाटतात. त्यांनीही गायन बंद करा असे म्हटले नाही.

स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. ८८ वे तर अंधारातच संपते. आपण ती उपवासकाळ सोडला तर गातो कुठे?

इटलीतील डॉ. लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००१ साली आढळले की लॅटिनमधून नमो मारिया म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे ६ वर येतो. २००६ मधील त्यांच्या अभ्यासात तर दोन मिनिटांच्या शांततेने संथ संगीतापेक्षाही अधिक विसावा मिळाला. आपल्याकडे ख्रिस्तप्रसादानंतर एक गीत संपते न संपते तोच दुसरे सुरू होते. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच उपासनेत योग्य वेळी मौन पाळण्यास सांगितले आहे.

म्हणून या रविवारपासून ख्रिस्तप्रसादानंतर दोन मिनिटे काहीही वाजणार नाही, कीबोर्डसुद्धा नाही. प्रवेशगीत आहे तसेच राहील. महिन्यातून एकदा, मृतांसाठीच्या संध्याकाळच्या मिस्सेत, एक विलापस्तोत्र फक्त पेटीवर गाऊ. पहिले स्तोत्र त्या मातेने निवडावे अशी विनंती केली आहे. तिने अजून होकार दिलेला नाही.