दार आणि चौकट

शास्त्रपाठ : निर्गम १२:२१-२३, रोमकरांस पत्र १२:१-२



गेल्या पावसाळ्याच्या तोंडी मी घराचे पुढचे दार बदलावयाचे ठरविले. वडिलांनी बसविलेले ते सागवानी दार खालच्या बाजूस कुजले होते. श्रावणात ते फुगे आणि कडी कोयंड्यात बसत नसे. म्हणून सुतारास बोलाविले. तो आला, पण दाराकडे त्याने ओझरतेच पाहिले. ओळंबा काढून त्याने तो चौकटीच्या एका बाहीस लावला, मग दुसरीस. दोरीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. उंबरठ्यालगतच्या लाकडात पटाशीचे टोक रोवून पाहिले. शेवटी कपाळपट्टीवरची पाटी काढू का, असे विचारले. ती पाटी तुमच्याही घरी असेल : ख्रिस्त हा ह्या घराचा धनी आहे, अशा अर्थाची. पाटी उतरविली, तो तिच्या मागे वाळवीने मातीची वाट बांधलेली. बोटाने दाबले तर लाकूड आत गेले.

"साहेब," तो म्हणाला, "दार नवं करून देतो. पण चौकट बोटभर कलली आहे. नवं दार हिच्यातच बसवायचं, तर हिच्या वाकडेपणाप्रमाणे त्याला रंधा मारावा लागेल. चौकट काढायची, तर भिंत फोडावी लागेल. काय ते तुम्ही ठरवा."

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण पुढे सांगतो.

भाषांतराच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना शब्द हाच आधार. इब्री भाषेत आपल्या 'दार' ह्या एका शब्दासाठी दोन शब्द आहेत. 'देलेत' म्हणजे उघडझाप होते ती फळी. 'पेताह' म्हणजे प्रवेशाची मोकळी जागा, चौकटीच्या आतली. सदोमात लोट जमावापुढे आला तो 'पेताह'पाशी, आणि त्याने आपल्यामागे बंद केले ते 'देलेत' (उत्पत्ती १९:६). मराठीत आपण दोन्ही ठिकाणी दारच म्हणतो आणि बहुधा बिघडत नाही. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात मात्र थांबावे लागते. कोकराचे रक्त कोठे लावावयाचे होते? दाराच्या फळीवर नव्हे. दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला, म्हणजे चौकटीला. फळी त्या रात्री उघडावयाचीच नव्हती. परमेश्वर जी ओलांडून जाणार होता ती जागा 'पेताह', आणि तिची सीमा आखते ती चौकट.

येथे एक गंमतही आहे. एजोबाची जुडी ज्या रक्तात बुडवावयाची ते 'साफ'मध्ये होते, असे मूळ शब्द सांगतात. 'साफ' म्हणजे पात्र, आणि 'साफ' म्हणजे उंबरठाही. ग्रीक भाषांतरकारांनी दारापाशी असा अर्थ घेतला, लॅटिनने उंबरठा घेतला, आपण पात्र घेतो. मलाही पात्रच बरोबर वाटते. पण प्राचीन भाषांतरकारांना उंबरठा का सुचला असावा, हे चौकटीपुढे उभे राहिल्यावर ध्यानात येते.

आपल्या मराठी शास्त्रातले 'बाह्या' आणि 'कपाळपट्टी' हे शब्द मला फार आवडतात. घराला हात आहेत, कपाळ आहे, असेच जणू आपली भाषा मानते. अनुवाद ६:८-९ उघडून पाहा. देवाची वचने प्रथम हाताला बांधावयाची, मग कपाळावर लावावयाची, आणि लगेच पुढच्या वाक्यात घराच्या दाराच्या बाह्यांवर लिहावयाची. बाहीसाठी इब्री शब्द 'मझुझा'. कोकणातले आपले बेने इस्राएल बांधव आजही ज्या चिमुकल्या डबीत शास्त्रवचन घालून ती उजव्या बाहीवर बसवितात, तिचेही नाव मझुझाच. जो दास धन्याला सोडून जाऊ इच्छित नसे, त्याचा कान दारापाशी वा बाहीपाशी नेऊनच टोचला जाई (निर्गम २१:६). घर कोणाचे, हे चौकट सांगते. म्हणूनच यशयाच्या तोंडून देव तक्रार करतो की, लोकांनी आपली भलतीच स्मारके दारांच्या व बाह्यांच्या मागे ठेविली आहेत (यशया ५७:८). पाटी पुढे, वाळवी मागे. हे वचन मी अनेक वेळा शिकविले होते. माझ्याच कपाळपट्टीवर ते लिहिलेले असेल असे वाटले नव्हते.

शलमोनाने मंदिराच्या सभागृहाच्या दाराची चौकट जैतुनाच्या लाकडाची केली आणि झडपा दुसऱ्या लाकडाच्या (१ राजे ६:३३-३४). आमच्या वडिलांनी उलट केले. दार सागवानी, चौकट साध्या लाकडाची. त्यांना दोष देत नाही. हाती पैसा थोडा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते ते दार. पण वाचकहो, आपणही बहुतेक हेच करीत नाही काय? सभासदत्वाचे नवे दार, प्रार्थनेचे नवे वेळापत्रक, लेंतात सोडलेली एखादी सवय. फळी नवी, रंग ताजा. आणि मनाची चौकट जशी होती तशी कललेली. मग रंधा कोणाला लागतो? नव्या दारालाच! चांगले, सरळ लाकूड जुन्या वाकडेपणाच्या मापाने छिलले जाते. रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो की ह्या युगाशी समरूप होऊ नका. त्याच्या ग्रीक क्रियापदात 'स्खेमा', म्हणजे बाह्य आकार, हा शब्द दडलेला आहे. वाकड्या चौकटीसाठी नव्या दाराने घेतलेला आकार, ह्याहून चांगले उदाहरण मला भाषांतराच्या मेजावर बसून कधी सापडले नाही. आणि तो उपाय सांगतो तो मनाच्या नवीकरणाचा. सुताराच्या भाषेत, भिंत फोडण्याचा.

म्हणून प्रत्येक जुनी चौकट उपटून टाकावी काय? मुळीच नाही. आमच्या मंडळ्यांतील काही तरुण सेवकांना जुने म्हणजे कुजकेच वाटते, आणि काही वडीलधारे वाळवीलाही परंपरा समजून जपतात. दोघांकडेही ओळंबा नसतो. यशया २८:१७ मध्ये देव न्यायाला मापाची दोरी आणि नीतिमत्त्वाला ओळंबा करतो. तो लावून चौकट सरळ निघाली, तर वयाचा प्रश्न नाही. दार बदला आणि स्वस्थ राहा. शास्त्राच्या नव्या भाषांतराविषयी कोणी घाबरून विचारतो, तेव्हा मी हेच सांगतो की फळ्या झिजतात.

आता माझ्या झोपेविषयी. ते घर आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. दार मी एकटा बदलू शकत होतो. भिंत मात्र दोघांची. ती फोडावयाची तर धाकट्याला विचारणे भाग. आणि आईच्या अंत्यविधीनंतर शेताच्या हिशोबावरून आमचे बोलणे तुटले, त्याला सहा वर्षे झाली होती. सहा वर्षे मी समेटावर प्रवचने दिली. सुताराने 'तुम्ही ठरवा' म्हटले, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते हेच की, रंधाच मारून घेऊ; म्हणजे त्याला फोन करावयास नको. खर्चाचे कारण मी पत्नीला सांगितले. तिने विश्वास ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी फोन केला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारले, "कुठली बाही कलली?"

"बिजागऱ्यांकडची."

"बाबांनी बसवली तेव्हाच मी म्हणालो होतो, दादा. तुम्ही दोघांनी ऐकलं नाही."

खरे होते. तो शनिवारी आला. गवंड्याने भिंत फोडली, आणि तीन रात्री घराला दार नव्हते. ताडपत्री टांगून आम्ही दोघे ओसरीवर आडवे झालो, राखणीला म्हणून. दुसऱ्या रात्री त्याने पिशवीतून शेताच्या हिशोबाची वही काढली. दोन पाने झाली, आवाज चढले, पत्नीने चहा आणून ठेविला. चौकट आता ओळंब्यात उभी आहे. गिलावा वाळेपर्यंत दार भिंतीला टेकवून ठेविले आहे. वहीची निम्मी पाने राहिली आहेत, आणि त्यांतली एक-दोन मला न मानवणारी आहेत. पाटी कपाटात आहे. धाकटा म्हणाला, हिशोब होईपर्यंत ती लावू नकोस. मी बरे म्हटले. येत्या रविवारी तो पुन्हा येणार आहे.