थांबणे हाही धर्म



प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. रस्त्यावरचे नियम पाळणे ही केवळ सरकारची बाब, की आपल्या परमार्थाचीही? पुष्कळ जण चटकन म्हणतात, "महाराज, माळ-बुक्का वेगळा नि वाहतूक वेगळी. देवाच्या गोष्टीत मोटारी कशाला आणता?" हे खरे की खोटे, ते आज थोडे पाहू.

सोलापुरातला सात रस्ता हा चौक बहुतेकांनी पाहिला असेल. त्या चौकाच्या कडेला गळ्यात माळ घातलेली एक म्हातारी पलीकडे जाण्यासाठी उभी होती. एक पाऊल टाकी, पुन्हा मागे घेई. तेवढ्यात एका फटफटीवाल्याने कर्कश भोंगा वाजवला आणि ओरडला, "आजी, दिसत न्हाई का?" गाडीच्या पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'माउली' लिहिलेले होते. काचेवर माउली आणि समोर उभी असलेली माउली मात्र दिसली नाही! त्याला हसू नये. त्या जागी आपणही अनेकदा असतो.

आपला देव कोणता, हे जरा आठवू या. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, म्हणून त्याने वीट पुढे केली आणि देव त्या विटेवर उभा राहिला. ज्याच्या दारी सगळे जग थांबते, तो भक्तासाठी थांबला. अजून उभाच आहे. अशा थांबलेल्या देवाचे आपण भक्त, आणि आपल्याला लाल दिव्यापाशी एक मिनिट थांबवत नाही. मग आपण त्याच्याकडून शिकलो काय?

आता कोणी शंका घेईल, "मरण कुणाला चुकले आहे? प्रारब्धात असेल तसे होईल. पांडुरंग राखेल." ही शंका वरवर भक्तीची वाटते, पण तिच्यात एक घोटाळा आहे. शास्त्राने कर्माचे तीन भाग सांगितले आहेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. प्रारब्ध भोगायचे असते, क्रियमाण आत्ता आपल्या हातून घडत असते. मोटारीचे चाक ज्याच्या हाती आहे त्याच्या वेगाचा, त्याच्या दारूचा आणि त्याच्या झोपेचा हिशेब क्रियमाणातच लागतो. स्वतःचे मरण कोणी खुशाल दैवावर सोडावे. पण दुसऱ्याचे मरण दैवावर ढकलण्याचा अधिकार कोणालाच नाही. आपल्या हातून जीव गेला आणि आपण 'त्याचे भरले होते' म्हणालो, तर ती श्रद्धा नव्हे. ती पळवाट आहे.

ही नुसती पोथीतली चर्चा नव्हे. 19 नोव्हेंबर 2019 रोजी नामदेवरायांची पालखी आळंदीला निघाली असताना दिवे घाटात ब्रेक निकामी झालेले जेसीबी यंत्र दिंडीत शिरले आणि दोन वारकरी गेले. 31 ऑक्टोबर 2022 रोजी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याजवळ जुनोनी येथे, कोल्हापूरकडून कार्तिकीला पंढरपूरला निघालेल्या दिंडीत भरधाव मोटार घुसली. सात जीव गेले. त्या 2022 या एका वर्षात देशभर रस्त्यांवर 1,68,000 हून अधिक माणसे मेली, आणि त्यांत पायी चालणारी 32,000 हून अधिक होती. पायी चालणारा म्हणजे कोण? आपणच की!

वेगाचे गणित चालवणाऱ्याने एकदा समजून घ्यावे. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो, आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला आणखी वीसएक मीटर लागतात. वेग दुप्पट केला, तर हे ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. तेवढ्या अंतरात एक अख्खी दिंडी असते.

तथापि सगळा दोष गाडीवाल्यावर घालून आपण मोकळे होऊ नये. कार्तिकी आणि उसाचा हंगाम साधारण एकाच सुमारास येतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, आणि त्याच अंधारात आपली दिंडीही काकडआरतीआधी निघते. तेव्हा दिंडीच्या सर्वांत मागे आणि सर्वांत पुढे दिवा घेतलेला एक माणूस हवाच. सामानाच्या गाडीला आणि पताकांना चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. काळे घोंगडे पांघरून चालू नये, डांबरी सडकेच्या कडेला अंग टाकू नये. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी सोलापूरवरून पंढरीस जाते. तिच्या वारकऱ्यांच्या सरळ रांगा पाहायला लोक मुद्दाम उभे राहतात. शिस्तीने भजनाचा रंग कमी झाला, असे कोणी म्हणेल का?

शासनाचेही कर्तव्य आहेच. आळंदी आणि देहूहून निघणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली. त्यात पायी चालणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंस वेगळी वाट योजलेली आहे. पण पंढरीला दिंड्या दाही दिशांनी येतात, आणि जुनोनीचा रस्ता त्या दोहोंपैकी नव्हता.

वारीत समाज-आरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप उंच करतात आणि लाखोंचा समुदाय क्षणात स्तब्ध होतो. टाळ थांबतो, मृदंग थांबतो. त्या काठीत बळ नसते. बळ असते ते सर्वांनी दिलेल्या मानात. चौकात उन्हात उभ्या असलेल्या पोलिसाचा हातही तसाच आहे. तेथे थांबणारा पोलिसाला भीत नाही. तो समोरच्या जीवाला मान देतो.

आणि अपघात घडलाच, तर? नाथबाबांची कथा आपल्या मुलाबाळांना पाठ आहे. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेवर तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. मग जखमी माणसापाशी आपण "पोलिसांची भानगड नको" म्हणून पुढे कसे निघून जातो? 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्यावरून जबाबदार धरता येत नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. 108 फिरवावा, गाडी येईपर्यंत जवळ बसावे. तीच आपली कावड.

पंढरीला पोचायला चार घटका उशीर झाला तर काय बिघडते? देव थांबलेलाच आहे. आपण वाटेत एकाला वाट दिली, एकासाठी थांबलो, तर तो रागावणार नाही. उलट उशीर का झाला, हे त्याच्याइतके कोण समजेल?

॥ रामकृष्णहरी ॥