पगाराच्या हिशेबातलं गाव

कोकणातून बोटीने मुंबईला आला, साच्यांच्या खडखडाटात कान घालवले, गाळ्यात वळकटीपुरत्या जागेत राहिला आणि पोरांना शिकवलं. गिरणी कामगार बापाची ही गोष्ट आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. माझे बाबाही त्यातलेच, आणि गोष्ट खोटी नाही. पण या माणसाकडे इतक्या आदराने पाहण्याची रीत तशी अलीकडची.

गिरणीमालकांच्या लेखी तो बराच काळ अर्धवट कामगार होता. 1911 च्या जनगणनेत मुंबईतल्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात. लावणी आली, शिमगा आला की हे लोक गावी पळतात, यांचा जीव शेतात, यांना कारखान्याची शिस्त लागायची नाही, अशी तक्रार असे. रिकाम्या साच्यांवर माणसं हवीत म्हणून बदली कामगार. पाळी सुरू होण्याआधी फाटकाशी येऊन उभं राहायचं, काम मिळालं तर दिवस भरला, नाहीतर परत. बाबांची उमेदीची वर्षं बदलीवरच गेली. उद्या काम आहे की नाही हे ज्याला गिरणी सांगत नाही, त्याने गाव सोडावं तरी कशाच्या भरवशावर?

भारतातल्या कामगारांची स्थिती तपासणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 मध्ये सूर बदलला. शहर माणसाला ओढत नाही, गावातली तंगी त्याला बाहेर ढकलते. गावाशी असलेला धागा त्याच्या हिताचा आहे, तो तोडू नये, असं आयोगाने मांडलं. यात सहानुभूती होती. मात्र आजारपण आणि म्हातारपण गावच निभावणार असेल, तर ते पगारात कोण धरणार?

इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी 1994 च्या ग्रंथात हा धागा कामगाराच्या बाजूने वाचला. बेभरवशाच्या मजुरीत तग धरायला आणि संप लांबवायला त्याला गावच कामी येई, असं ते दाखवतात. मला ते पटायला पुस्तकाची फारशी गरज नव्हती. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाबा घरी आले. तोवर ते आम्हाला मे महिन्यापुरते आणि गणपतीपुरते ठाऊक. लावणीत आईच्या पुढे त्यांचा हात चालेना. ती बोलली नाही, शेजारणी मात्र हसल्या. वर्षभर ताटात होतं ते आईचं भात, नाचणी आणि कुळीथ.

पण संपाआधी तरी वेगळं काय होतं? मनीऑर्डर यायची ती शाळेची फी, कापडचोपड, दवाखाना आणि वाण्याची उधारी यात जायची. पोटाचं आईच बघायची. मुंबईत बाबांचं पोट खानावळवाल्या बाईच्या चुलीवर; अशाच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणीचा पगार एका माणसाचा गाळा, खानावळ आणि वर थोडं, एवढ्याला पुरत होता. उरलेला संसार बायकांच्या अंगमेहनतीवर चालायचा आणि तो ताळेबंदात कुठेच दिसायचा नाही. चंदावरकरांच्या पुढे जाऊन मी म्हणेन, कामगाराचं गाव म्हणजे बव्हंशी कामगाराची बायको.

बाबांच्या कष्टांचं मोल याने कमी होत नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखं येणं-जाणं त्यांनी जन्मभर सोसलं, आणि त्याबद्दल बोलायची त्यांच्या पिढीत पद्धत नव्हती. मला खटकतं ते एवढंच की आमच्या गोष्टीत कष्ट एकट्या बापाचे, आणि आई फक्त वाट पाहणारी.

आता गिरणी कामगारांच्या वारसांना म्हाडाच्या घरासाठी कामाचा पुरावा द्यावा लागतो. बाबांची ट्रंक पालथी घातल्यावर हजेरीचं कार्ड सापडलं, तिकीट नंबरासकट. आईने एवढे पावसाळे ज्या जमिनीत लावणी केली, तिच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे.