हाताची विद्या कोणासाठी?

मुलांनी विज्ञान स्वतःच्या हातांनी करून शिकावे, या विचाराला विरोध करणारा माणूस आता शोधूनही सापडणार नाही. तरीही हे शिक्षण समाजात रुजले आहे, असे म्हणवत नाही. सर्वांना मान्य असलेले तत्त्व आचरणात का उतरत नाही, हा प्रश्न शिक्षणशास्त्रापेक्षा नीतीचा अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला हा शास्त्रज्ञ मुंबईचे स्थैर्य सोडून खेड्यात राहिला. शाळा सुटलेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती व आरोग्य यांतून विज्ञान शिकू लागली. शिकताना केलेले काम गावाच्या उपयोगी पडावे, हा कलबागांचा आग्रह होता. त्यात मोठे मर्म आहे. वहीतले चुकलेले उत्तर शिक्षक क्षमा करतो. वाकडे बसवलेले फाटक गावकरी स्वीकारत नाही. २००३ साली कलबाग निवर्तले, पण काम थांबले नाही. संस्थेच्या नेतृत्वाची खरी परीक्षा हीच.

विस्ताराचा मोह मात्र वेगळा असतो. २०१६ पासून केंद्र सरकारने सुमारे दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उघडल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु सरकारी सेवेत आयुष्य घालवलेल्यांना ठाऊक असते, की वाटलेले साहित्य मोजता येते, मुलाच्या हाती आलेले कौशल्य तक्त्यात बसत नाही. म्हणून किती शाळा, याआधी किती मुलांनी काय घडवले, हे विचारणे नेतृत्वाचे कर्तव्य ठरते.

आता आपल्याकडे पाहू. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील उशेगाव, केसलागुडा येथील ओझा कारागीर मेणाचा आकार मातीत लिंपतात, तापवून मेण काढतात आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. या कलेला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. द्रवणांक, घनफळ, उष्णता हे सारे त्या भट्टीपाशी शिकता येईल. परंतु पैनगंगेपलीकडून येऊन या काळ्या मातीत स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांतील मुले हैदराबादच्या कोचिंग वर्गांत जातात, आणि हातकामाचे गोडवे आपण इतरांच्या मुलांसाठी गातो.

वर्ध्याला १९३७ साली मांडलेल्या नयी तालीमचेही असेच झाले. मुलाने सूत कातावे हे अनेकांना पटले. परंतु ते आपल्या मुलाने करावे, हे थोड्यांनाच पटले. जे शिक्षण फक्त गरिबांसाठी योग्य मानले जाते, त्याला गरीबही कमी प्रतीचे समजू लागतात. त्यांचे काय चुकले?

तेव्हा अशा संस्थेला देणगी देणाऱ्याने सोबत आपला नातूही पाठवावा, असे आम्ही सुचवतो. ओझाच्या मुलाशेजारी बसून त्यानेही साचा लिंपावा, त्याचाही साचा एखादे वेळी फुटावा. तसे घडेपर्यंत हे शिक्षण दानच राहील. ते सर्वांचे होणार नाही.