वर चढलेल्या जमिनीवरचा वारसा

वारसा जपणं म्हणजे वास्तू मूळ रूपात टिकवणं, असं आपण सहसा धरून चालतो. फिलिपीन्सच्या पांपांगा प्रांतातल्या बाकोलोर गावात ही व्याख्या अपुरी पडते. तिथलं सान गियेर्मो चर्च आज निम्मं जमिनीखाली आहे. सुमारे १२ मीटर उंचीच्या या इमारतीचा ६ मीटर भाग गाळाने गिळला आणि खिडक्यांचे दरवाजे झाले. तरीही तिथे प्रार्थना चालते.

बाकोलोर हे आडबाजूचं खेडं नव्हतं. १७६२ मध्ये ब्रिटिशांनी मनिला घेतली तेव्हा सिमोन दे आंदा यांनी स्पॅनिश कारभाराची सूत्रं इथून हलवली. १९०४ पर्यंत हेच प्रांताचं मुख्य ठाणं होतं. कापाम्पांगान भाषेतला सारसुएला, म्हणजे तिथला संगीत नाटकाचा प्रकार, याच गावात बहरला. हुआन क्रिसोस्तोमो सोतो यांचं ‘आलांग दियोस’ १९०२ मध्ये इथेच रंगमंचावर आलं. पुढे कवींच्या सवाल-जवाबांना या सोतोंवरूनच ‘क्रिसोतान’ हे नाव पडलं.

१५ जून १९९१ रोजी पिनातुबो फुटला. विसाव्या शतकातला तो दुसरा सर्वांत मोठा ज्वालामुखी उद्रेक. पण बाकोलोर त्या दिवशी गाडलं गेलं नाही. डोंगरउतारांवर साचलेली राख पुढची कित्येक वर्षं पावसाबरोबर लहार होऊन, म्हणजे राख-चिखलाचा लोंढा होऊन, पासिग-पोत्रेरो नदीतून खाली येत राहिली. १ ऑक्टोबर १९९५ च्या वादळी पावसात अशाच एका लोंढ्याने बाकोलोरमधली काबालांतियान ही वस्ती बुडवली आणि शेकडो माणसं गेली. लहार अडवणारा महाबांध १९९६ मध्ये पुरा झाला. त्याने सान फेर्नांदो हे प्रांताचं नवं मुख्य शहर वाचवलं, पण बाकोलोरच्या अनेक वस्त्या बांधाच्या आत, गाळ साठवण्याच्या पट्ट्यात राहिल्या. आपत्ती निसर्गाची असली, तरी गाळ कुठे साचू द्यायचा हे माणसांनी ठरवलं होतं.

म्हणूनच गावकऱ्यांच्या परतण्याला केवळ भाविकपणा म्हणून भागणार नाही. त्यांनी गाळ उपसून वेदी बाहेर काढली आणि उंचावलेल्या जमिनीवर, घुमटाखाली पुन्हा उभी केली. याउलट १८१४ मध्ये फिलिपीन्समधल्याच मायोन ज्वालामुखीच्या उद्रेकात सापडलेल्या काग्सावा गावातले वाचलेले लोक शेजारच्या दारागाला गेले. काग्सावात उरलेला चर्चचा मनोरा आज पर्यटकांच्या छायाचित्रात असतो. दोन्ही ठिकाणं वारसाच. पण काग्सावा आठवणीला जागा देतं, तर बाकोलोर चालू जगण्याला.

‘मूळ रूप गेलं, मग जपलं काय?’ असा आक्षेप कुणी घेईल. पण चर्च पायथ्यापर्यंत उपसलं असतं, तर भोवतालच्या उंच जमिनीत ते खड्ड्यातलं प्रदर्शन झालं असतं. गावाने इमारतीचं प्रमाण गमावलं, वापर राखला. या यशाचीही मर्यादा आहे: वेदी उपसता येते, पांगलेला नाट्यरसिक समाज उपसता येत नाही. गावातली माणसं पुनर्वसन वसाहतींत विखुरली की तिथली भाषा आणि रंगभूमी यांचा ऐकणाराच कमी होतो. म्हणून आपत्तीनंतरच्या वारसा-योजनेत भिंतींच्या डागडुजीआधी एक प्रश्न असला पाहिजे: लोकांना परत येता येईल का, आणि एकत्र राहता येईल का? याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर जतन केलेली वास्तू पर्यटनखात्याची होते, गावाची नाही.