ठेवलेल्या शस्त्राची जबाबदारी

दारूगोळ्याचे कोठार युद्धासाठी बांधलेले असते, पण युद्ध तिथे कधीच घडू नये अशीच त्याची रचना असते. तोफ रणात डागली जाते, बंदूक सैनिकाच्या हाती असते. कोठारातला माल मात्र वर्षानुवर्षे नुसता ठेवलेला असतो. त्यामुळे धर्मविचारापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. हिंसा ही कृती आहे असे मानले, तर नुसत्या ठेवण्याला दोष कसला? आणि ठेवण्यालाही दोष लागत असेल, तर कोठाराला टाळे लागले, पहारा उठला, म्हणजे तो दोष संपतो का?

महाराष्ट्राच्या गडांवर हा प्रश्न दगडी भिंतींच्या रूपात उभा आहे. सिंहगडावर दरवाजातून आत गेल्यावर उजव्या हाताला जाड भिंतींचे दारूकोठार दिसते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी त्यावर वीज पडली. त्या स्फोटात गडावरच्या फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातली सगळी माणसे मेली. त्या दिवशी गडाला वेढा नव्हता, शत्रू नव्हता. कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्याला जोडून पावनगड आहे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी या परिसरातल्या किल्ल्यांचे लष्करी बळ मोडून काढले. पुढे २०२१ च्या अखेरीस पावनगडावर खोदकाम करताना चारशेहून अधिक लहानमोठे तोफगोळे एका जागी पुरलेले सापडले. ते ठेवणाऱ्यांची सत्ता गेली, त्यांच्यावर चालून येणाऱ्यांचीही गेली, आणि गोळे ठेवल्या जागी पडून राहिले.

जुना तोफगोळा बहुधा निरुपद्रवी लोखंड किंवा दगड असतो. आधुनिक दारूगोळ्याचे तसे नाही. त्यातली फेकदारू, म्हणजे गोळीला पुढे ढकलणारी नायट्रोसेल्युलोजची दारू, ठेवल्या जागी हळूहळू विघटित होत राहते. विघटनातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि तीच पुढच्या विघटनाला वेग देतात. ही साखळी थोपवण्यासाठी दारूत डायफेनिलअमाइनसारखे स्थिरक मिसळतात, पण स्थिरकही खर्च होत जातो. तो संपत आला की साठा आपोआप तापू लागतो, आणि बंदिस्त जागेत ही उष्णता बाहेर जाऊ शकली नाही तर आग लागते. म्हणून चालू कोठारात ठरावीक काळाने नमुने काढून तपासणी होते, जुना माल वेगळा काढला जातो. कोठार विस्मरणात गेले तर नेमकी ही तपासणी थांबते, दारूतले बदल थांबत नाहीत. ठेवलेले शस्त्र निश्चल असते हे गृहीतक रसायनशास्त्रापुढे टिकत नाही.

भारतीय परंपरेने हे गृहीतक वेगळ्या वाटेने, फार पूर्वीच तपासले होते. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात, दंडकारण्यात शिरताना, सीता रामाला एक कथा सांगते. एका तपस्व्याकडे इंद्र योद्ध्याच्या वेषात येतो आणि आपली तलवार ठेव म्हणून सोपवून जातो. तपस्वी प्रामाणिक असतो. ठेव हरवू नये म्हणून फळे-मुळे आणायला जातानाही तो ती बरोबर नेतो. रोजच्या सहवासाने त्याचे मन क्रूर होत जाते, तप सुटते आणि अखेर तो नरकात जातो. या कथेतला सगळा भार एका गोष्टीवर आहे: त्या माणसाने शस्त्र मागितले नव्हते, त्याने केवळ सांभाळले. त्याचा गुण, म्हणजे विश्वासूपणा, हाच त्याच्या अधःपाताचा रस्ता ठरला. रामाचे उत्तरही तितकेच गंभीर आहे. आर्तांचा आक्रोश ऐकू येऊ नये म्हणून क्षत्रिय धनुष्य धरतो, आणि ऋषींना दिलेला शब्द आता मोडता येणार नाही, असे तो सांगतो. रामायण सीतेला खोटे ठरवत नाही. राम तिच्या स्नेहाचा आणि हितबुद्धीचा गौरव करतो, पण शस्त्र खाली ठेवत नाही. राष्ट्राने दारूगोळा साठवावा की नाही, या आजच्या वादात याहून प्रामाणिक मांडणी क्वचितच आढळते.

दधीची ऋषीची कथा याच ठेवीला दुसरे वळण देते. देव आपली अस्त्रे त्याच्या आश्रमात ठेवून जातात. दुसऱ्याची ठेव घेऊ नये, असे त्याची पत्नी त्याला सावध करते. खूप काळ लोटतो, देव परतत नाहीत, अस्त्रांचे तेज ओसरू लागते. तेव्हा दधीची ती मंत्रजलाने धुतो आणि ते तेजस्वी पाणी पिऊन टाकतो. पुढे देव अस्त्रे मागायला येतात, तेव्हा द्यायला त्याच्याकडे स्वतःच्या अस्थींखेरीज काही उरलेले नसते. कोठार रिकामे करण्याची किंमत इथे रखवालदाराने शरीराने मोजली आहे.

ठेवण्याच्या दोषाचा सर्वांत काटेकोर विचार जैन आचार्यांनी केला, आणि तो कोल्हापूरच्या मातीला परका नाही. करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या कितीतरी गावांत दिगंबर जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात गृहस्थाने टाळायच्या निरर्थक पापांत हिंसादान येते: कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, साखळदंड यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याला देणे. यादीत तलवारीशेजारी कुदळ आहे, ही गोष्ट शेतकऱ्याला विचार करायला लावणारी आहे. तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय आणखी खोल जातो. कर्माच्या आस्रवाला, म्हणजे आत वाहत येण्याला, आधार होणाऱ्या निर्जीव गोष्टींत तिथे निक्षेप, म्हणजे वस्तू ठेवणे, स्वतंत्रपणे मोजला आहे. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत त्याचे चार प्रकार सांगितले आहेत: न पाहता ठेवणे, नीट न झाडता-पुसता ठेवणे, घाईने ठेवणे आणि लक्ष नसताना ठेवणे. मूळ संदर्भ साधूच्या कमंडलूचा किंवा पिंछीचा आहे; वस्तूखाली एखादा जीव चिरडू नये एवढीच काळजी तिथे अभिप्रेत आहे. पण तत्त्व मोठे आहे. ठेवणे ही कृतीच आहे, आणि कशी ठेवली यावर तिचा दोष अवलंबून आहे.

असे ठेवणे काय करते, ते मुंबईने पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथल्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरलेल्या होत्या. दुपारी आग लागली, चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान होते. युद्धाच्या घाईत धोक्याकडे डोळेझाक करून केलेली ही भरणी होती. पूज्यपादांच्या चारही प्रकारांना तिच्यात जागा सापडते. 

जैन विचाराचा दुसरा भाग बंद कोठाराच्या प्रश्नाला थेट भिडतो. कर्मबंधाच्या कारणांत तत्त्वार्थसूत्र अविरती मोजते. जाणीवपूर्वक घेतलेला त्याग नसणे, हेच बंधाला पुरेसे आहे. ज्याने शस्त्र वापरणे केवळ थांबवले, पण सोडल्याचा संकल्प केला नाही, त्याची हिंसा थांबलेली नाही. या कसोटीवर बंद केलेले कोठार आणि सोडून दिलेले कोठार यांत मोठे अंतर पडते. बंद करायला टाळे पुरते. सोडायचे तर आत काय आहे, किती आहे, कुठे पुरले आहे, हे आधी मान्य करावे लागते. हाच भेद या सगळ्या विषयाचा कणा आहे, आणि व्यवहारात नेमका तोच पुसला जातो.

वैदिक-पौराणिक परंपरेचा शस्त्राशी संबंध अधिक स्नेहाचा आहे. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात खंडेनवमीला विळा-कोयत्यापासून कारखान्यातल्या लेथपर्यंत सगळे धुऊन-पुसून हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली जातात. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात दसरा चौकात आपट्याचे सोने लुटले जाते. या सणामागच्या कथांपैकी एक विराटपर्वातली आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवर बांधली आणि कोणी फिरकू नये म्हणून शेजारी एक प्रेत टांगले. महाभारतातले हे बंद शस्त्रागार होते, आणि ते प्रेत त्याची हद्द राखत होते. पण त्या ठेवीला मुदत होती. शस्त्रे कुठे आहेत हे ठेवणाऱ्यांना ठाऊक होते, आणि वर्ष सरताच अर्जुनाने ती उतरवून घेतली. दसऱ्याची पूजा हे शस्त्र विसरू नये यासाठीचे वार्षिक स्मरण आहे, असे मानले तर ती कोठाराच्या तपासणीच्या बरीच जवळ येते.

आजच्या कोठारांभोवती प्रेत टांगत नाहीत, रेषा आखतात. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवती १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्याखाली २००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. लोक त्याला रेड झोन म्हणतात. त्यात घर बांधून बसलेली हजारो कुटुंबे रोज भांडाराच्या सावलीत झोपतात. तुकोबांचे देहू तिथून जवळ आहे. आणि याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत बुद्धाने शस्त्रांचा व्यापार पहिला सांगितला आहे. दारूगोळ्यावर ज्यांची चूल चालते अशा वस्तीत ही मूर्ती बसली, यात विसंगती शोधणे अन्यायाचे होईल. ज्यांना गावगाड्याने शतकानुशतके माणूसपण नाकारले, त्यांच्या हाती लष्करी नोकरीने पहिल्यांदा रोख पगार आला. सम्यक् आजीविकेचा, म्हणजे योग्य उपजीविकेचा, निकष त्या कामगाराला लावण्याआधी, त्याच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेवली होती, हे विचारावे लागते.

कोठार बंद झाल्यावर जबाबदारी कोणाची, यावर धर्मशास्त्राचे उत्तर अपुरे पडते. मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो की ठेव चोरांनी नेली, पाण्याने वाहून गेली किंवा आगीत जळाली, तर ती सांभाळणाऱ्याने भरून द्यायची नाही. इथे नुकसान होते ते ठेवणाऱ्याचे. दारूगोळ्याच्या ठेवीत आग लागली तर नुकसान शेजाऱ्याचे होते, ज्याने ठेवलेही नाही आणि सांभाळलेही नाही. अशा तिसऱ्या माणसासाठी जुन्या न्यासविचारात कलम नाही.

स्वित्झर्लंडमधले मिथोल्झ हे गाव त्या तिसऱ्या माणसाचे उदाहरण आहे. डोंगराच्या पोटात कोरलेल्या लष्करी कोठारात डिसेंबर १९४७ मध्ये स्फोट झाला, ९ माणसे मेली, घरे पडली. कोठार बंद झाले. गाव पुन्हा उभे राहिले. लष्कराने त्या डोंगरातल्या जागेत पुढे औषधांचे कामकाज आणि सैनिकांच्या राहण्याची सोयही केली. सुमारे सात हजार टनांपैकी जवळपास अर्धा माल उडाला होता. उरलेला ढिगाऱ्याखाली तसाच होता. त्याचा धोका पूर्वी समजला होता त्याहून मोठा आहे, हे गावकऱ्यांना २०१८ साली सांगण्यात आले. साफसफाईसाठी २०३० च्या सुमारास त्यांनी किमान दहा वर्षे घरे सोडावीत, असे ठरले. सत्तर वर्षे तिथे माणसांनी लग्ने केली, गोठे बांधले, मुले वाढवली. बंद आणि सोडलेले यांतले अंतर एखाद्या गावाला याहून महाग क्वचितच पडले असेल.

भागवतातली यादवांच्या मुसळाची गोष्ट इथे अक्षरशः लागू पडते. कुलनाशाचे कारण होणारे लोखंडी मुसळ उग्रसेनाने चूर्ण करून समुद्रात टाकायला लावले. चूर्ण किनाऱ्याला लागून त्याचे एरका गवत उगवले, त्या गवतानेच यादव एकमेकांना मारून संपले. उरलेला तुकडा माशाच्या पोटातून जरा व्याधाच्या बाणाला गेला. उग्रसेनाची चूक शस्त्र मोडण्यात नव्हती. मोडल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे कोणी पाहिले नाही.

युद्धाने उभारलेल्या सगळ्याच जागांचे उत्तरायुष्य असे नसते. गडमुडशिंगीच्या शेजारी वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. ती रिकामी झाल्यावर फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांनी तिथे संसार मांडला, आणि आज हीच वस्ती गांधीनगर या नावाने घाऊक कापडबाजारासाठी ओळखली जाते. छावणीत माणसे ठेवलेली होती. माणसे निघून जातात आणि जागा दुसऱ्या माणसांना मिळते. कोठारातला माल स्वतःहून निघून जात नाही; कोणीतरी तो हातांनी उचलावा लागतो.

ते हात कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात पुलगावने विचारला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या या मोठ्या भांडारात ३१ मे २०१६ च्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी भांडाराजवळच्या मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवला जात असताना स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्यांत आसपासच्या गावांतले, रोजंदारीवर पेट्या उतरवणारे मजूर होते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार आहेत. पहिला आलोचना, म्हणजे दोष न लपवता उघड सांगणे; चौथा विवेक, म्हणजे मिसळलेले वेगळे करणे. कोठार सोडण्याची सुरुवातही याच दोन कामांनी होते: साठ्याची नोंद आणि नकाशा शेजारच्या ग्रामपंचायतीपर्यंत पोचवणे, आणि घातक माल निवडून बाजूला काढणे. दुसरे काम आज रोजंदारीवरचा मजूर करतो. प्रायश्चित्त ज्याचा दोष त्यानेच घ्यायचे असते. ज्या राज्यसंस्थेने शस्त्र ठेवले, तिनेच या हातांना प्रशिक्षण, संरक्षण आणि पूर्ण मोबदला द्यायला हवा. तोवर कोठाराचा दोष त्या मजुराच्या घराकडे सरकवलेलाच राहतो.