माळवदाचा कठडा

अनुवाद, अध्याय २२, ओवी ८.

मोशेच्या नियमशास्त्रांत पक्ष्याच्या घरट्याविषयींची आज्ञा आणि मळ्यांत दोन जातींचें बीं न पेरण्याविषयींची आज्ञा ह्यांच्या मध्यें एक लहानशी ओवी आहे. नवें घर बांधणाऱ्यानें धाब्याला कठडा करावा, नाहीं तर तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय. उपदेशासाठीं ही ओवी सहसा कोणी निवडीत नाहीं. परंतु सोलापुराकडे व मराठवाड्यांत ज्यांचीं घरें माळवदाचीं आहेत त्यांस ती समजावून सांगावी लागत नाहीं. इस्राएल लोकांचीं घरेंही तशींच सपाट छपराचीं असत. राहाबेनें हेरांस धाब्यावर पसरलेल्या काड्यांखालीं लपविलें. पेत्र यापो येथें प्रार्थना करावयास धाब्यावर गेला. आपल्याकडे तेथें मिरच्या वाळतात, उन्हाळ्यांत अंथरुणें पडतात आणि पोरें पतंग उडवितात.

ह्या आज्ञेंतील दोन गोष्टी लक्षांत घ्या. कठडा कोणी पडल्यावर बांधावयाचा नाहीं. घर नवें असतांनाच बांधावयाचा आहे. आणि घरधन्याला आपल्या माळवदाचा कांठ अंधारांतही ठाऊक असतो. पडतो तो पाहुणा, पडतें तें शेजारणीचें लेकरूं. म्हणजे हा कठडा प्रथम दुसऱ्यासाठीं आहे. निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत खड्डा उघडा ठेवणाऱ्याविषयीं जो नियम आहे, त्यांतही जनावर दुसऱ्याचें पडतें आणि भरपाई खड्ड्याच्या धन्यास करावी लागते. निकामी झालेल्या बोअरचें तोंड गोणपाटानें झांकून “पुढें पाहूं” असें म्हणणाऱ्या शेतकऱ्यानें तो अध्याय आज रात्रींच वाचावा.

कित्येक भाविक म्हणतात, “राखणारा देव आहे, मग ही काळजी कशाला?” हें बोलणें विश्वासासारखें दिसतें. परंतु असेंच बोलणें एकदां मंदिराच्या शिखरावर झालें होतें, आणि बोलणारा सैतान होता. देवदूत तुला झेलतील, असें स्तोत्राच्या आधारानें सांगून त्यानें प्रभूस खालीं उडी टाकावयास सुचविलें. प्रभूनें उडी टाकली नाहीं. तो पायऱ्यांनींच उतरला असावा, अशी माझी समजूत आहे. देवावर भरंवसा ठेवणें निराळें आणि देवाची परीक्षा पाहणें निराळें.

हा भेद न ओळखल्यास पावसाळ्यांत त्याची किंमत जीवानें द्यावी लागते. भारतांतील सर्पदंशाच्या मृत्यूंविषयीं २०२० सालीं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ ह्या काळांत सुमारें १२ लक्ष, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार माणसें दगावलीं, असा त्यांतील अंदाज आहे. आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं. मण्यार रात्रीं घरांत शिरते व भुईवर निजलेल्याच्या अंथरुणांत येते. तिचा दंश इतका हलका असतो कीं पुष्कळदां निजलेला जागाही होत नाहीं, व व्रण शोधूनही सांपडत नाहीं. पहाटे पोट दुखूं लागतें, पापण्या मिटूं लागतात, आणि मग श्वास अडतो. म्हणून होईल तर बाजेवर निजावें. मच्छरदाणीची कड चारी बाजूंनीं अंथरुणाखालीं खोंचावी. हिवतापासाठीं घेतलेली ती एक वस्तु मण्यारीलाही अडविते. रात्रीं दाराबाहेर पाऊल टाकतांना बॅटरी घ्यावी, पायतण झटकून घालावें, सरपणांत आधीं काठी घालावी व मग हात. इतकें करूनही दंश झाला तर दोरी आवळूं नये, चिरूं नये, चोखूं नये. तो अवयव हलूं न देतां रोग्यास थेट दवाखान्यांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांच्या विषावर एकच लस चालते; यास्तव साप मारून आणण्यांत वेळ दवडूं नये. आणि उपदेशक बंधूंनो, मंडळी गोळा होऊन प्रार्थना होईपर्यंत रोग्यास थांबवून ठेवूं नका. प्रार्थना गाडींतही करितां येते.

दुसरा आक्षेप शुभवर्तमानांतूनच काढतात. मार्काच्या ७ व्या अध्यायांत शिष्य हात न धुतां जेवले आणि प्रभूनें परूश्यांनाच दोष दिला. तेव्हां हात धुण्याचें एवढें स्तोम कशाला? परंतु तेथें वाद विटाळाचा होता, मळाचा नव्हे. माणूस देवापुढें अशुद्ध कशानें होतो, हें प्रभु सांगत होता. शौचाहून आलेल्या हातानें भाकरी थापावी, असें त्यानें कोठेंही शिकविलें नाहीं. त्याच नियमशास्त्रांत, अनुवादाच्या २३ व्या अध्यायांत, छावणीबाहेर जातांना हत्यारांबरोबर खणण्याचें एक साधन न्यावें व मळ मातीनें झांकावा, अशी आज्ञा आहे.

ह्या संबंधानें लंडन शहरांतील एका तरुण पाळकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. १८५४ च्या ऑगस्टच्या अखेरीस तेथील सोहो नांवाच्या वस्तींत पटकी उठली आणि थोड्याच दिवसांत सहाशेंहून अधिक लोक मेले. जॉन स्नो नांवाच्या डॉक्टरानें सांगितलें कीं दोष ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यांत आहे. त्यावरून ८ सप्टेंबरास पंपाचा दांडा काढण्यांत आला. हेन्री व्हाइटहेड हा त्या वस्तींतील मंडळीचा सहायक पाळक, वय २८. त्याला हें म्हणणें पटेना. तें खोटें ठरवावें म्हणून तो घरोघर हिंडला. कोण मेला, कोण वांचला, कोणी कोणतें पाणी प्यालें, हें एकाच घरीं पुनःपुन्हां जाऊन विचारूं लागला. लोक डॉक्टरास जें सांगत नसत तें त्याला सांगत, कारण त्यानें त्यांचीं मृत्युशय्येवरचीं माणसें भेटलेलीं होतीं. अखेर त्याचेंच मत फिरलें. पंपाशेजारच्या ४० नंबरच्या घरांत सांथीच्या आरंभीं एक तान्हें मूल हगवणीनें आजारी होतें. आईनें त्याच्या दुपट्यांचें पाणी घरापुढील शोषखड्ड्यांत टाकलें होतें. खणून पाहतां त्या खड्ड्याच्या विटा ढिल्या झालेल्या, आणि विहीर जेमतेम तीन फुटांवर. त्या माउलीस दोष देतां येत नाहीं. पटकीचें बीज पाण्यांतून पसरतें हें तेव्हां तिला कोण सांगणार? आपणांस मात्र तें सांगितलेलें आहे.

म्हणून शौचाहून आल्यावर, तान्ह्याची घाण काढल्यावर, आणि स्वैंपाकाला व जेवावयाला बसण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. मुलास हगवण लागली तर पाणी बंद करण्याची आपल्याकडील चाल घातक आहे. मूल वाळून मरतें. अंगावर पाजणें चालूंच ठेवावें. दवाखान्यांतील पुडी मिळाली तर उत्तम. न मिळाली तर उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें. मीठ अंदाजानें घालूं नये. जास्त झालें तर अपाय होतो. शौचांत रक्त दिसलें, डोळे खोल गेले किंवा मूल पिईनासें झालें, तर घरीं बसूं नये.

आतां आणखी थोडें. फवारणीचें औषध सरबताच्या बाटलींत ओतून ठेवणें म्हणजे माळवदाचा कठडा पाडून टाकणें होय. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषानें सुमारें वीस माणसें मेलीं, हें विसरूं नका. रात्रीं ऊस नेणाऱ्या ट्रॉलीच्या मागें चमकणारी लाल पट्टी नसेल तर मोटारसायकलवरून येणाऱ्याला ती दिसत नाहीं, आणि तो तर पुष्कळदां दोघांना मागें बसवून, उघड्या डोक्यानें येत असतो. दोघांनींही आपापला कठडा बांधलेला नसतो.

येत्या रविवारीं उपासनेस याल तेव्हां मंदिराच्या दाराशीं ठेवलेल्या माठाकडे पाहा. झांकण आहे काय? पाणी काढावयास लांब दांड्याचें ओगराळें आहे, कीं जो तो आपला पेला मनगटापर्यंत बुडवितो? ओगराळें आठवड्याच्या बाजारांत मिळतें. तें आणण्यासाठीं पंचांची सभा भरविण्याची गरज नाहीं.